रविवारच्या राईडच्या पलीकडे : नेरूळच्या आमच्या सायकल क्लबच्या वर्षभराच्या नोंदी

12 जानेवारी 2025, रविवार

आज राईड संपल्यावर चहाच्या टपरीवरच मीटिंग झाली आणि बरेच दिवस नुसतं बोलणं चाललेलं ते एकदाचं ठरलं. राईड नेहमीचीच, नेरूळहून पाम बीचने बेलापूर, तिथून खारघर, खारघरच्या टेकडीचा चढ आणि परत. क्लब म्हणून आपलं चाललंय ते छानच चाललंय, दोन-तीन जण बीआरएमची तयारी करतायत (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राईड, 200 किलोमीटर साडेतेरा तासात पूर्ण करायचे असतात, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी), जर्सी आल्यात, फोटोही भारी येतात. पण विषय निघाला की आपण सायकलचा प्रसार प्रसार म्हणतो तो नक्की कोणासाठी. सकाळी साडेपाचला आपण निघतो तेव्हा रस्त्यावर आपल्याशिवाय सायकलवर कोण असतं बघा, पेपरवाले, दूधवाले, पावाची पेटी मागे बांधलेला पाववाला, नाईट संपवून घरी निघालेले वॉचमन, साईटवरचे कामगार, आणि थोड्या वेळाने घरकामाला निघालेल्या ताया. रोज सायकल चालवणारी माणसं ही आहेत आणि यातलं एकही माणूस आपल्या ग्रुपवर नाही.

दुसरा मुद्दा, नवी मुंबईची रचनाच अशी आहे की सिडकोने नोड (म्हणजे छोटी उपनगरं) पाडले, प्रत्येक नोडला स्टेशन, सेक्टरमधून स्टेशन दोन-तीन किलोमीटरच्या आतबाहेर, आणि पारसिक डोंगराची बाजू सोडली तर जमीन सपाट. एवढ्या अंतरासाठी लोक शेअर रिक्षाच्या लायनीत उभे राहतात किंवा बाईक काढतात. इथे सायकल नाही चालणार तर कुठे चालणार.

तर या वर्षीचा प्रकल्प रोजच्या सायकलचा. स्टेशन, बाजार, शाळा, कामावर जाणं, हे चार किलोमीटरच्या आतले प्रवास. रविवारची राईड चालूच राहील, तिला कोणी हात लावत नाहीये, काही जणांना ती भीती वाटली म्हणून इथे लिहून ठेवतोय. नोंदी मी ठेवणार.

25 जानेवारी, शनिवार

सकाळी सहा ते नऊ आम्ही चार-पाच जण स्टेशनच्या दोन्ही बाजूंना फिरलो, हातात वही, लावलेल्या प्रत्येक सायकलकडे नीट बघत. काय दिसलं ते लिहितो कारण पुढचं सगळं याच्यावर ठरणार आहे.

सायकली कशाला बांधल्यात, तर रेलिंगला, विजेच्या खांबाला, झाडाला, एक तर बंद पडलेल्या हातगाडीला. कुलूप म्हणजे बहुतेक ठिकाणी मागच्या चाकाचं ते गोल रिंगचं लॉक, म्हणजे सायकल उचलून नेली तर काही करता येत नाही. ब्रेकच्या गुट्ट्या झिजून लोखंड रिमला लागतंय अशा सायकली भरपूर. मागचा लाल रिफ्लेक्टर तुटलेला किंवा नाहीच. घंटी क्वचित. हवा कमी जवळजवळ सगळ्यांना, अंगठ्याने दाबलं की टायर आत जातोय. चेन लाल, गंजलेली, तेलाचा थेंब नाही.

आणि यावर माणूस रोज अंधारात डंपर आणि बसच्या बाजूने जातोय. आपण दहा-दहा हजारांच्या लाईटबद्दल ग्रुपवर चर्चा करतो, इथे वीस रुपयाचा रिफ्लेक्टर नाही. मला हे बघून खरंच वाईट वाटलं आणि लिहायलाही संकोच नाही की पहिलं काम हेच झालं पाहिजे.

एका बिल्डिंगच्या आवारात सायकल स्टँड दिसला, नवा, पण पुढचं चाक खाचेत घुसवायचं त्या प्रकारचा. त्यात एक सायकल आडवी झालेली आणि रिम वाकलेली. याच्याबद्दल नंतर सविस्तर.

9 फेब्रुवारी, रविवार

पहिला दुरुस्ती कॅम्प. बाजाराजवळच्या मैदानाच्या कोपऱ्यात, सतरंजी, दोन टेबलं, दोन रिपेअर स्टँड, पाण्याची घमेली.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो कारण ग्रुपवर प्रश्न आला होता की सगळं फुकट का करत नाही. आपल्या भागात सायकल रिपेअरवाले किती उरलेत बघा. एकेकाळी नाक्यानाक्यावर दुकान असायचं, तासाच्या भाड्याने सायकल मिळायची, आपल्यापैकी निम्मे जण त्याच भाड्याच्या सायकलवर कात्री पायडल मारत शिकलोय. आता जे एक-दोन काका उरलेत त्यांच्याच गिऱ्हाइकांना आपण फुकट रिपेअरिंग दिलं तर आपणच त्यांचं दुकान बंद पाडू, आणि मग बाकी वर्षभर पंक्चर कोण काढणार? म्हणून ठरवलं की कॅम्पला काका मुख्य मिस्त्री, त्यांची दिवसाची मजुरी क्लब देणार, गुट्ट्या, वायर, ट्यूब सगळं सामान त्यांच्याच दुकानातून, क्लबची पोरं हाताखाली. गिऱ्हाइकाने फक्त सामानाचे अर्धे पैसे द्यायचे. काकांनी पहिल्यांदा जरा संशयानेच बघितलं, मग दुपारपर्यंत तेच सगळ्यांना ओरडत होते, पाना सरळ धर म्हणून.

पन्नासच्या वर सायकली झाल्या. सगळ्यात जास्त ब्रेक, मग हवा, मग चाकाचा आऊट, म्हणजे चाक डगमगत वाकडं फिरणं. आऊट काढणं काकांकडून बघण्यासारखं आहे. सायकल उलटी केली, चाक फिरवलं, बोट चाक धरणाऱ्या चिमट्याला टेकवून नखाजवळ रिम कुठे घासतेय ते बघितलं, तिथे घासणाऱ्या बाजूची तार पाव आटा सैल, समोरच्या बाजूची पाव आटा घट्ट, परत फिरवलं. पाव आट्याच्या वर जायचं नाही असं ते परत परत सांगत होते, कारण एकदम ताणली की चाक दुसऱ्या बाजूला पळतं आणि मग दिवसभर त्याच्या मागे लागावं लागतं.

एक मावशी आल्या, नवऱ्याची जुनी चोवीस इंची सायकल, पाच घरांची कामं करतात आणि मागच्या महिन्यापासून पंक्चर म्हणून चालत जातायत. पंक्चर त्यांनाच काढायला शिकवलं. ट्यूब बाहेर काढली, घमेल्यात बुडवली, बुडबुडे आले तिथे बोट ठेवलं, पुसून कोरडी केली, काचपेपरने घासून खरखरीत केली, सोल्युशन लावलं. इथे सगळे घाई करतात. सोल्युशन ओलं असताना ठिगळ चिकटवलं की ते टिकत नाही, त्याची चमक जाऊन बोटाला नुसतं चिकट लागेपर्यंत थांबायचं असतं. मावशी म्हणाल्या, "म्हणजे पुरणाची पोळी तव्यावर टाकल्यावर उलटायची घाई करायची नाही तसं." अगदी तसंच. आणि ट्यूब परत घालायच्या आधी टायरच्या आतून हात फिरवायचा, नाहीतर ज्या काचेने पंक्चर केलं ती आतच राहते आणि संध्याकाळी परत हवा जाते. मावशींच्या टायरमधून बारीक तारेचा तुकडा निघाला, तो त्यांनी रुमालात बांधून नेला, नवऱ्याला दाखवायला.

जाताना प्रत्येक सायकलला मागे लाल आणि दोन्ही चाकांना रिफ्लेक्टर लावून दिले, ते पूर्ण फुकट.

23 फेब्रुवारी, रविवार

छोटी नोंद. लहान मुलांची फ्लेमिंगो राईड, पालकांसकट, टी. एस. चाणक्य या नौकानयन प्रशिक्षण संस्थेच्या मागच्या पाणथळीपर्यंत, सेक्टरच्या आतल्या रस्त्यांनी. भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून निघालो त्यामुळे पक्षी जवळ दिसले. सगळ्यात हळू मुलगी पुढे ठेवली, तिच्या स्पीडने सगळे. मोठ्यांच्या राईडलाही हे करून बघायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं, नवीन माणूस एकदा मागे एकटा पडला की परत येत नाही.

16 मार्च, रविवार

मोठ्या बायकांसाठी सायकल शिकण्याचा वर्ग गेले काही रविवार चाललाय, त्याबद्दल आज सविस्तर लिहायला वेळ मिळाला.

येणाऱ्या बहुतेक जणी पस्तीस ते साठमधल्या. लहानपणी भावाला सायकल मिळाली, आपल्याला नाही, हे जवळजवळ प्रत्येकीने सांगितलं, कोणी हसत कोणी जरा थांबून. आता मुलं मोठी झाली, बाजार एक किलोमीटरवर, रिक्षावाला जवळचं भाडं घेत नाही.

शिकवायची पद्धत आपण बदलली आहे. आधी काय व्हायचं, एकाने मागून कॅरियर धरायचं आणि पळायचं, शिकणारीचा सगळा जीव मागे, "सोडू नका हं, सोडू नका," आणि सोडलं की पडली. आता दोन्ही पायडलं काढूनच टाकतो. सीट इतकी खाली की बसल्यावर दोन्ही तळवे पूर्ण जमिनीवर. मग नुसतं बसून चालायचं, मग जरा मोठ्या ढांगा, मग अगदी हलक्या उतारावर पाय उचलून घसरायचं, नजर समोरच्या झाडावर, चाकावर नाही. ब्रेक कसे दाबायचे ते याच वेळी शिकवायचं, कारण थांबता येतं हे कळलं की भीती निम्मी जाते. तोल आला की मग पायडलं लावायची, आणि तेव्हा बहुतेकींना तासाभराच्या आत जमतं.

(पायडल काढताना लक्षात ठेवा, डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. दोन्ही पायडलं पुढच्या चाकाच्या दिशेने फिरवली की घट्ट, मागे फिरवली की सैल. वर्गाच्या पेटीत 15 चा पाना आहे, तो तिथेच राहू द्या, घरी नेऊ नका प्लीज.)

आज एक ताई, सरकारी बँकेत आहेत, निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, मैदानाला पूर्ण चक्कर मारून आल्या. थांबल्या तेव्हा ब्रेक दाबून पाय टेकला, आणि काही न बोलता परत निघाल्या दुसऱ्या चकरेला. बाकीच्या सगळ्या टाळ्या वाजवत होत्या, त्यांचं लक्षच नव्हतं.

पंजाबी ड्रेसवाल्यांनी ओढणी कमरेला बांधा, साडी असेल तर मागच्या चाकाला जाळीचं साडीगार्ड लावून घ्या, काकांकडे मिळतं. आणि पॅन्टचा उजवा पाय चेनमध्ये जातो, तिथे रबरबँड.

30 मार्च, रविवार, गुढीपाडवा

शोभायात्रेत वर्गातल्या ताया सायकलवर. नऊवारीत. बुलेटवाल्या बायका दरवर्षी असतात, यंदा सायकलवाल्या होत्या. नऊवारीचा काष्टा सायकलला एकदम सोयीचा, पाचवारीपेक्षा कितीतरी. ढोलपथकाच्या मागे इतक्या हळू सायकल चालवणं हे पळवण्यापेक्षा अवघड असतं हे ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल की या बायकांनी दीड महिन्यात काय कमावलंय. बँकेतल्या ताई सगळ्यात पुढे.

20 एप्रिल, रविवार

स्टँडचा विषय. आपल्या एका मेंबरच्या सोसायटीच्या कमिटीसमोर आज मांडला, दीड तास चालला.

मूळ अडचण अशी की सोसायटीत सायकल म्हणजे जिन्याखालची अडगळ. चारचाकीला नंबर टाकलेली जागा, दुचाकीला पट्टे मारलेले, सायकल मात्र मीटररूमच्या बाहेर एकावर एक. खालची काढायची तर वरच्या तीन काढाव्या लागतात. मग मुलं खेळायला काढतात ती, पण मोठा माणूस सकाळी घाईत ऑफिसला निघताना ती काढणार आहे का? कधीच नाही. तो बाईकची चावी फिरवतो आणि जातो. सायकल वापरली जात नाही त्यामागे आळसापेक्षा या अशा छोट्या अडचणी जास्त आहेत, आणि त्या सोडवता येतात.

चाकाच्या खाचेचा स्टँड का नको ते समजावून सांगितलं. त्यात सायकलचा सगळा भार पुढच्या रिमच्या एका बाजूवर येतो, कोणी धक्का दिला की रिम वाकते, डिस्कब्रेकवाली असेल तर डिस्क वाकते, आणि कुलूप फक्त चाकाला लागतं, म्हणजे चाक सोडून बाकी सायकल चोराची. त्याऐवजी उलट्या यू आकाराचा पाईप, जमिनीत काँक्रीटमध्ये बसवलेला. दोन्ही बाजूंना एकेक सायकल टेकून उभी राहते, फ्रेम आणि चाक दोन्ही एकाच कुलपात येतं. दोन पाईपमध्ये साधारण एक मीटर अंतर, उंची पाऊण मीटरच्या आसपास, भिंतीपासून पुरेसं लांब, नाहीतर पुढचं चाक भिंतीला अडतं. एका कारच्या जागेत असे चार-पाच पाईप बसतात म्हणजे आठ-दहा सायकली. सेक्रेटरी साहेबांनी टेप आणून खरंच मोजलं.

एक काका म्हणाले की सायकल कोण वापरतंय आता, स्टँड रिकामा राहील. त्यांना वॉचमन दादांनी उत्तर दिलं, जे मागे उभे होते, की साहेब रोज चौदा-पंधरा सायकली मीच गेटजवळ सांभाळतो, कामवाल्या बायकांच्या, इस्त्रीवाल्याची, माझी स्वतःची. त्या सायकली कमिटीच्या हिशोबात कधी आल्याच नव्हत्या. त्यावर जरा वेळ कोणी बोललं नाही. ठराव पुढच्या मीटिंगला, पण त्यात "सोसायटीत कामाला येणाऱ्यांच्या सायकलींसाठीही" हे शब्द घालायचे असं आपल्या मेंबरने लिहून घेतलंय. हे शब्द राहिलेच पाहिजेत.

27 मे, मंगळवार

काल 26 तारखेलाच मान्सून मुंबईत आला, एवढ्या लवकर यायची कोणाची तयारी नव्हती. स्टेशनजवळ जूनमध्ये घ्यायचा कॅम्प पुढे ढकलला. काकांच्या दुकानात मात्र रांग, सगळ्यांना एकदम मडगार्ड पाहिजेत.

3 जून, मंगळवार

जागतिक सायकल दिन. संयुक्त राष्ट्रांनी 2018 मध्ये जाहीर केला तेव्हापासून आपण दरवर्षी रॅली काढायचो, टोप्या, बॅनर, फोटो. यंदा रॅली नाही असं मी सुचवलं आणि वाद झाला, पण शेवटी मान्य झालं. रॅलीत जो येतो तो आधीच सायकल चालवणारा असतो, आणि मंगळवारी सकाळी रस्ता अडवला की बसमधला माणूस सायकलवाल्यांवरच वैतागतो.

त्याऐवजी सोबती. ज्याला कामावर सायकलने जायचंय पण धीर होत नाही त्याच्याबरोबर क्लबचा एक मेंबर पहिले काही दिवस घरापासून ऑफिसपर्यंत जाणार. आधी रविवारी रिकाम्या रस्त्यावर तोच रूट करून बघायचा, मग वर्किंग डेला. नेरूळ ते बेलापूर, नेरूळ ते तुर्भे, आणि एक जण सीवूड्सहून वाशीला. अंतर कोणाचंच दहा किलोमीटरच्या फार वर नाही.

यातून एक गोष्ट कळली. रूट निवडणं हेच अर्धं काम आहे. गूगलवर गाडीचा रस्ता दिसतो तो पाम बीच किंवा हायवे, तिथे गाड्या सुसाट, नवीन माणसाला एका दिवसात नको होतं. सेक्टरच्या आतून, शाळा आणि गार्डनच्या बाजूने, गावठाणातून जाणारे रस्ते असतात, पाच मिनिटं जास्त लागतात पण माणूस शांत डोक्याने पोचतो. करावे गावातला रस्ता अरुंद आहे म्हणूनच तिथे गाड्या हळू जातात आणि सायकलला तो उलट बरा. असे रूट आपल्या मेंबरांच्या डोक्यात आहेत, ते कागदावर काढायचे आहेत.

सोबत्यांनी पहिल्या दिवशी सांगायच्या गोष्टी : बसच्या किंवा कंटेनरच्या डाव्या बाजूने कधीही पुढे घुसू नका, सिग्नलला तो थांबला असला तरी, कारण ड्रायव्हरला तिथलं दिसत नाही आणि तो डावीकडे वळला की तुम्ही चाकाखाली. पार्क केलेल्या गाड्यांपासून एक दार उघडेल एवढं अंतर. रस्त्याच्या अगदी कडेला चिकटून चालवू नका, तिथे खडी, गटाराची झाकणं आणि मागून घासून जाणाऱ्या गाड्या, जरा आत राहा, सरळ रेषेत. वळायच्या आधी मागे बघा, हात दाखवा, मग वळा.

29 जून, रविवार

पावसाळी क्लास, काकांच्या दुकानासमोर ताडपत्रीखाली. मुद्द्याचं तेवढं लिहितो.

रिमवर ब्रेक लागणाऱ्या सायकलींना पावसात थांबायला जास्त अंतर लागतं, आधीपासून हलका ब्रेक दाबून रिम पुसून घ्यायची. झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे, लोखंडी झाकणं, यांच्यावर वळायचं नाही आणि ब्रेक मारायचा नाही, सरळ पार करायचं. पाण्याने भरलेला खड्डा म्हणजे किती खोल माहीत नाही, त्यातून जायचंच नाही. घरी आल्यावर चेन फडक्याने पुसून तेल, आणि जास्तीचं तेल परत पुसून टाकायचं. ओलं तेल तसंच राहिलं की चिखल धरतं आणि दात खातं. आपल्याकडे खाडीची खारी हवा, गंज पुण्यापेक्षा दुप्पट वेगाने चढतो असं काका म्हणतात, दुप्पट की कसं ते राहू दे पण चढतो हे नक्की.

चेन मोजायला शिकवलं, घरातली फूटपट्टी पुरते. पट्टीचा शून्य एका पिनच्या मध्यावर धरायचा, नवीन चेनमध्ये बरोबर 12 इंचावर पिन येते. ती पिन इंचाचा सोळावा भाग (1/16) पुढे सरकलेली दिसली की चेन ताणली गेली, बदलायची. शंभर-दोनशे वाचवायला तीच चालवली तर ती फ्रीव्हीलचे (मागच्या दातेरी चक्राचे) दातही खाते आणि मग खर्च तिप्पट.

20 जुलै, रविवार

खड्डे सगळेच कळवतात, आपण वेगळी गोष्ट कळवतोय, पावसाच्या पाण्याच्या जाळ्या. ज्या जाळीच्या फटी रस्त्याच्या दिशेने लांब असतात त्यात सायकलचं पुढचं चाक सरळ आत जातं आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. फटी रस्त्याला आडव्या असल्या की काही होत नाही. जाळी तीच, फक्त फिरवून बसवायची. मोठ्या गाडीवाल्याला हे कधी कळणारच नाही म्हणून सायकलवाल्यानेच सांगायला हवं.

मेंबरांनी फोटो आणि ठिकाण पाठवलंय, प्रत्येक फोटोत जाळीवर सायकलचं चाक ठेवलेलं, म्हणजे बघणाऱ्याला लगेच कळतं. यादी करून अर्ज संबंधित कार्यालयात दिला. पहिल्यांदा तो दुसऱ्या विभागाचा म्हणून परत आला, दुसऱ्या विभागाने तिसरीकडे पाठवला. आपल्या बँकेतल्या ताईंनी पोच घेऊन, तारीख टाकून, सगळ्या प्रती फाईलला लावल्यात. त्यांना या कामाची सवय आहे आणि त्या सोडणार नाहीत. तोवर सगळ्यात धोकादायक जाळ्यांच्या आधी कडेला मोठा पिवळा बाण असलेले स्टिकर लावून सावध करता येईल का, ते विचारून करूया, परस्पर नको.

24 ऑगस्ट, रविवार

गणपती तीन दिवसांवर, तरी पालकांची मीटिंग झाली, एका शाळेच्या हॉलमध्ये. आठवी-नववीची मुलं क्लासला स्कूटी घेऊन जातात, आईवडीलच देतात, "जवळच तर जायचंय" म्हणून. कायदा सांगितला : 16 च्या आत कोणतंही मोटारवाहन नाही, 16 ते 18 मध्ये फक्त 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरचं लायसन्स, आणि अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर 2019 च्या दुरुस्तीनंतर पालकाला किंवा गाडीमालकाला 25 हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. हॉल एकदम गप्प झाला.

पण भीती घालून मुलं सायकलवर येत नाहीत हे मलाही माहीत आहे. चौदा वर्षाच्या मुलाला सायकल म्हणजे लहान मुलांची वस्तू वाटते. म्हणून आपला एक मेंबर, ज्याने बीआरएमची 200, 300, 400 आणि 600 अशी चारही अंतरं एकाच सीझनमध्ये पूर्ण केलीत, म्हणजे सुपर रँडोनर, त्याला बोलवलं होतं. त्याने मुलांना सांगितलं की 600 ला 40 तास मिळतात, रात्री अडीचला घाटात चहाच्या टपरीवर बसून काय वाटतं, झोप आली की बसस्टॉपवर अलार्म लावून वीस मिनिटं कसं पडायचं, आणि चार वर्षांतून एकदा फ्रान्समध्ये पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस होते 1200 किलोमीटरची, तिथे आपल्याकडचे लोक जातात. मुलांचे डोळे बघायला हवे होते. नंतर पोरांनी त्याच्या सायकलला गराडा घातला, टायर दाबून बघतायत, गिअर मोजतायत. मला आजवर वाटायचं लांबच्या राईडचा आणि रोजच्या सायकलचा संबंध नाही. तो असा जोडता येतो हे आज दिसलं, आणि रविवारच्या मंडळींनाही ते पटलं, त्यांच्यातले तिघं आता सोबती व्हायला तयार झालेत.

22 सप्टेंबर, सोमवार

घटस्थापना, आणि आजपासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के. म्हणजे करासकट 11,200 ला पडणारी सायकल आता 10,500. सातशे रुपये आपल्याला किरकोळ वाटतील, पण जिची मुलगी शाळेत चालत जाते त्या घरात सातशेचा फरक पडतो. ग्रुपवर टाकलंय, दुकानात गेल्यावर बिल मागा आणि नवीन दर लावलाय का बघा. काकांकडे जुना स्टॉक आहे, त्यांना बिलाचं समजावून सांगायला आपला सीए मेंबर उद्या बसणार आहे.

2 ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

काकांच्या दुकानात सायकलपूजा. पाने, पंप, लिव्हर, चाकाचा आऊट काढायचा स्टँड, सगळं धुऊन पाटावर मांडलेलं, हळदकुंकू, झेंडू. आज खास म्हणजे मावशी आल्या होत्या, त्याच फेब्रुवारीतल्या, सायकलच्या हँडलला हार, आणि बरोबर त्यांच्या वस्तीतल्या दोघी, ज्यांना शिकायचंय. पंक्चर मावशी स्वतःच काढतात आता, शेजारणींचंही, वीस रुपये घेऊन. काका म्हणाले माझं गिऱ्हाईक पळवलंस, आणि स्वतःच्या डब्यातली सोल्युशनची एक नवी ट्यूब काढून सोन्याची पानं म्हणून तिच्या हातात दिली.

सोसायटीचा ठराव झाला. पाईप बसले, कामाला येणाऱ्यांच्या सायकलींसाठी हे शब्दही राहिले. वॉचमन दादांची सायकल पहिल्या पाईपला असते.

16 नोव्हेंबर, रविवार

जाळ्यांपैकी काही फिरवून बसवल्या गेल्यात, सगळ्या नाही. उरलेल्यांचा अर्ज परत दिला, जुन्या पोचेची प्रत जोडून. शेजारच्या दोन सोसायट्यांनी स्टँडचं माप मागितलंय, पाठवलं.

सोबती घेऊन निघालेल्यांपैकी काही जण पावसात थांबले ते थांबलेच, बाकीचे रोज जातायत. जे थांबले त्यांना फोन केले, कारण ऐकण्यासाठी, टोचायला नाही. बहुतेकांनी एकच सांगितलं, ऑफिसात घाम पुसायला, कपडे बदलायला जागा नाही. म्हणजे पुढचं काम ऑफिसांशी बोलण्याचं. एखादी खोली, एक नळ आणि चार हुक, एवढंच मागायचं आहे. पत्राचा मसुदा मी करतो, ज्यांच्या ऑफिसात एचआरशी ओळख आहे त्यांनी नावं द्या.

कॅम्पबद्दल महत्त्वाचं. रविवारी सकाळी आपल्याला सोयीचं पडतं, पण वॉचमन त्या वेळी ड्युटीवर आणि घरकामाच्या ताया सगळ्यात जास्त कामात असतात. मावशींनीच हे सांगितलं. म्हणून पुढचा कॅम्प बुधवारी, 26 तारखेला, संध्याकाळी साडेसात ते दहा, वस्तीच्या तोंडाशी पाण्याच्या टाकीजवळ, तिथे हायमास्टचा उजेड आहे. काका येणार, पंक्चरच्या टेबलावर मावशी, त्यांची मजुरी काकांच्याच हिशोबाने. लागणारं सामान : ब्रेकच्या गुट्ट्या 40 जोड, ब्रेक वायर, लाल रिफ्लेक्टर, छर्रे, ग्रीस, चोवीस आणि सव्वीस इंची ट्यूब. ज्यांच्याकडे फ्लोअर पंप आहे त्यांनी आणा, दोन कमी पडतायत, आणि 15 चा पाना ज्याने नेला असेल त्याने परत ठेवा, त्याच दिवशी पायडल काढायला लागणार आहे, दोघी शिकायला येतायत.